सेटरमधून व्हॉइडऐवजी धिस परत केलं, तर बिघडतं काय?

सेटर म्हणजे ऑब्जेक्टमध्ये एखादी किंमत भरणारी मेथड. जावात ती सहसा काहीच परत करत नाही, म्हणजे व्हॉइड असते; धिस, म्हणजे तोच ऑब्जेक्ट, परत केला की सेटर एकामागे एक जोडून लिहिता येतात. कंपाइलर काही बोलत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं चालतंय. बिघडतं ते नंतर, आणि गुपचूप.

२०१३ मध्ये मी हिंजवडीत नवीनच लागलो होतो. कर्जाच्या हप्त्यांची सिस्टीम होती. आमच्या लीडने एका दुपारी सगळ्या बीनचे, म्हणजे माहिती ठेवणाऱ्या साध्या जावा क्लासचे, सेटर धिस परत करणारे करून टाकले. मी रिव्ह्यूत लिहिलं, ‘जावाबीन्सच्या नियमाप्रमाणे सेटर व्हॉइड हवा.’ उत्तर आलं, ‘१९९७ चे नियम कवटाळून बसू नकोस, वाचायला किती सोपं झालंय बघ.’ गप्प बसलो.

आठवड्याने टेस्टिंगमध्ये हप्त्यांच्या तक्त्यात व्याजाचा कॉलम शून्य. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही. रात्री साडेअकरापर्यंत डीबगर घेऊन बसलो. फॉर्मच्या ऑब्जेक्टमध्ये १०.५, कॉपी झाल्यावर ०.०. जावाचा इंट्रोस्पेक्टर, म्हणजे बीनमधल्या प्रॉपर्टी शोधून देणारा भाग, व्हॉइड नसलेल्या सेटरला सेटर मानतच नाही. प्रॉपर्टीची राइट मेथड, म्हणजे तिचा सेटर, विचारली की नल (काहीच नाही) देतो. आमची कॉपी करणारी युटिलिटी त्याच्याच भरवशावर, तिने ती प्रॉपर्टी मुकाट वगळली. सकाळी लीडने सगळं पूर्ववत केलं आणि कमिटला मेसेज दिला, ‘किरकोळ दुरुस्ती’. किरकोळ! लोकांच्या हप्त्यातलं व्याज गेलं असतं.

मुळात एकामागे एक सेटर जोडले म्हणजे फ्लुएंट इंटरफेस होत नाही. २००५ मध्ये एरिक इव्हान्स आणि मार्टिन फाउलर यांनी हे नाव दिलं, तेव्हा कोड त्या विषयाच्या भाषेतल्या वाक्यासारखा वाचता यावा हा हेतू होता. तुम्हाला तसं हवं असेल तर वेगळा बिल्डर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करून देणारा क्लास, लिहा. ‘दरसाल’, ‘मुदत’ अशा मेथड त्यात ठेवा आणि आवश्यक गोष्टी भरल्यात का ते शेवटच्या ‘बिल्ड’ मेथडमध्ये तपासा. बीनला हात लावू नका.

ऑब्जेक्ट बदलायचाच नसेल तर जावातल्या तारखेच्या लोकलडेट क्लासच्या विथवाल्या मेथडसारखी नवी प्रत परत करा. फक्त ती प्रत व्हेरिएबलमध्ये घ्यायला लोक विसरतात, तेव्हा नावात ‘सेट’ नको.

हां, जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कने ३.१ पासून धिस परत करणारे सेटर ओळखायची सोय केली आहे आणि जॅक्सन या जेसन लायब्ररीलाही ते चालतात. सी शार्पमध्ये ऑब्जेक्ट इनिशियलायझर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवतानाच किमती भरायची सोय, असल्यामुळे हा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. तरीही जावात धिस परत करण्याआधी पाच ओळींची टेस्ट लिहा: इंट्रोस्पेक्टरकडून प्रॉपर्टी घ्या, राइट मेथड नल येते का बघा. त्या रिव्ह्यूत मी ही टेस्ट जोडायला हवी होती, नुसती कॉमेंट नाही.