चेन ढिली का पडते? : वाचकांची प्रश्नोत्तरे

मोटरसायकलची चेन सारखी ताणावी लागते. लोखंड एवढं लांबतं का? – एक वाचक, इचलकरंजी

लोखंड लांबत नाही, सांधे झिजतात. गाडीची चेन ही रोलर चेन. तिच्या प्रत्येक सांध्यात पिन बुशच्या, म्हणजे तिच्याभोवतीच्या छोट्या नळीच्या आत घासते. एका सांध्याची झीज डोळ्याला दिसत नाही, पण शंभराहून जास्त सांध्यांची झीज एकत्र झाली की चेन लोंबते. खात्री करायची तर 428 नंबरची चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून तिच्या पुढच्या 24व्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नव्या चेनला हे अंतर 304.8 मिमी भरतं. 3 टक्के वाढ, म्हणजे जवळजवळ 314 मिमी झालं, की कारखान्यातसुद्धा चेन उतरवतात. गाडीसाठी कंपनीने दिलेली मर्यादा पाळा, ती बऱ्याचदा याहून कमी असते.

तेल रोलरवर फासून भागत नाही. ते आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांमधल्या फटीत गेलं, तरच पिनेपर्यंत पोचतं. ओ-रिंगच्या, म्हणजे सांध्यांत रबरी रिंगा असलेल्या चेनमध्ये ग्रीस आतच बंद केलेलं असतं. तिला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश लावू नका, रिंगा खराब होतात. आणि चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही (चेनची दातेरी चाकं) बदला. वाकड्या झालेल्या दात्यांवर नवी चेन लवकर जाते. इथे पैसे वाचवणं महागात पडतं.

इंजिनातल्या टायमिंग चेनलाही तेल घालावं लागतं का? – एक वाचक, नाशिक

वेगळं नाही, इंजिनचंच तेल तिला मिळतं. म्हणून ऑइल बदलायला उशीर करू नका. ही चेन इंजिनातल्या व्हॉल्व्हची, म्हणजे झडपांची, उघडण्या-मिटण्याची वेळ सांभाळते. ती झिजली की ही वेळ चुकते.

पेरणी यंत्राच्या चेनचं लॉक सारखं पडतं. – एक शेतकरी, परभणी

लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप उलटी बसली असावी. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते तिकडे हवं, उघडं टोक मागे. उघडं टोक पुढे असलं की ते कशाला तरी अडकतं आणि क्लिप निघते.

फोर्कलिफ्टच्या चेनची एक पट्टी तडकली आहे. तिथे रोलर चेनचा तुकडा जोडू का? – एक वाचक, चाकण

अजिबात नाही! ती लीफ चेन आहे, म्हणजे नुसत्या पट्ट्या आणि पिना. तिला रोलर नसतात, ती दात्यांवर चालत नाही, पुलीवरून जाते आणि फक्त वजन उचलते. यंत्र आत्ताच थांबवा, फोर्कखाली कुणालाही जाऊ देऊ नका. दोन्ही बाजूंच्या चेन जोडीने नव्या बसवून घ्या.