रानटी गुलाबाला सहसा पाचच पाकळ्या असतात, मग बागेतल्या गुलाबाला इतक्या कुठून येतात?

बहुतेक जादा पाकळ्या म्हणजे पुंकेसर होता होता पाकळी झालेले अवयव. फुलात कुठे काय उगवेल हे जनुकांचे तीन गट ठरवतात. त्यांना ए, बी, सी म्हणतात. एकट्या ए-मुळे बाहेरची हिरवी दले, ए आणि बी मिळून पाकळ्या, बी आणि सी मिळून पुंकेसर, एकट्या सी-मुळे स्त्रीकेसर. ही मांडणी कोएन आणि मेयरोविट्झ या शास्त्रज्ञांनी 1991 मध्ये अरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळेत वापरलं जाणारं मोहरीच्या कुळातलं छोटं रोप) आणि स्नॅपड्रॅगन (बागेतलं एक फुलझाड) यांच्या बिघडलेल्या फुलांवरून केली. अरॅबिडॉप्सिसमध्ये सी गटाचं ‘अ‍ॅगॅमस’ जनुक बंद पडलं की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि मध्यभागी स्त्रीकेसराऐवजी पुन्हा नवं फूल सुरू होतं, त्यात आणखी एक. गुलाबात हे जनुक शाबूत असतं. फक्त त्याचं कार्यक्षेत्र आकसून मध्याकडे सरकतं, म्हणून पाकळ्या वाढतात आणि थोडे पुंकेसर उरतातही. माणसाने निवड केली ती नेमकी याची. रानात असं झाड मागे पडेल, कारण पुंकेसर घटले की परागही घटतात.

मात्र झेंडू किंवा शेवंतीला हे लावू नका. तिथली प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र छोटं फूल असतं.