बेरीज की वजाबाकी, हे तिलाच ठरवू द्या

ताई, तुमची मुलगी दुसरीत आहे. पाढे पाठ आहेत, हातच्याची बेरीज पटापट करते, पण शाब्दिक उदाहरण आलं की पुरतं वाचायच्या आधीच "आई, बेरीज करू की वजाबाकी?" असं विचारते. म्हणून अबॅकसचा क्लास लावावा का, असा तुमचा प्रश्न आहे. माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली आणि हा प्रश्न मी दर वर्षी वर्गात ऐकला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिचं गणित कच्चं नाही. आकडेमोड तिला येते. उदाहरणातली गोष्ट डोळ्यांपुढे आणून तिचा उलगडा करायची सवय मात्र अजून लागलेली नाही. अबॅकसने वेग येतो. तिला आवडत असेल तर खुशाल घाला, पण ही अडचण त्याने जाणार नाही, कारण तिथेही काय करायचं ते आधीच सांगितलेलं असतं.

ही सवय बऱ्याचदा मोठ्यांनीच लावलेली असते. 'एकूण' आलं की मिळवायचं, 'उरले' आलं की वजा करायचं, 'जास्त' म्हणजे बेरीज. पेपर सोपा जावा म्हणून आपण ही युक्ती सांगतो. आता हे उदाहरण तिला देऊन पाहा: "मीराकडे 8 चिंचोके आहेत. ते राजूच्या चिंचोक्यांपेक्षा 3 ने जास्त आहेत. तर राजूकडे किती?" युक्ती पाठ असलेली मुलं 'जास्त' शब्द पकडून 11 लिहून मोकळी होतात. उत्तर 5 आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. 1980 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या अभ्यासकांनी लहान मुलांना विचारलं होतं की जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दिलं. ती मुलं मठ्ठ नव्हती. प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतंच आणि दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात, एवढं शाळेतून त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

मग घरी काय करायचं? उदाहरण तिला वाचू द्या, मग पुस्तक मिटा आणि "काय झालंय ते मला सांग" म्हणा. आकडे सांगितले नाहीत तरी चालेल. "मीराकडे खूप आहेत, राजूकडे त्याहून कमी" इतकं जरी ती म्हणाली तरी निम्मं काम झालं. मग चिंचोके, राजमा, बटणं, जे हाताशी असेल ते मांडू द्या किंवा कागदावर गोल काढू द्या. हिशोब करण्याआधी एकच विचारा: "राजूचे 8 पेक्षा जास्त येतील की कमी?" हे एकदा तिच्या ध्यानात आलं की बेरीज की वजाबाकी हा प्रश्न ती विचारणारच नाही. बोटं मोजली तर मोजू द्या. शेवटी ताळा करायला लावा, पण उत्तर गोष्टीत परत घालून: राजूकडे 5, मीराकडे त्याहून 3 जास्त, म्हणजे 8, जमलं. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने 1945 साली गणित सोडवायच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: समजून घेणं, बेत करणं, तो तडीस नेणं आणि मागे वळून पाहणं. आपण मुलांना थेट तिसऱ्या पायरीवर उभं करतो.

याहून मोठा फायदा मी पाहिला तो एकापेक्षा जास्त उत्तरं असलेल्या उदाहरणांचा. माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण नाण्यांचं. (हल्ली सगळे मोबाइलवरून पैसे देतात, त्यामुळे मुलांच्या हातात नाणी येतच नाहीत. मुद्दाम थोडी जमवून ठेवा.) 5, 2 आणि 1 रुपयाची पुरेशी नाणी समोर ठेवा आणि विचारा, "10 रुपये किती तऱ्हांनी देता येतील?" सुरुवातीला मूल सुचेल तसं मांडतं. पाच-पाच. मग दोनची पाच. मग सगळे सुटे. पाच-सहा तऱ्हा झाल्या की म्हणतं, "झाल्या सगळ्या." इथे उत्तर सांगायचं नाही. फक्त विचारायचं, "आणखी नाहीत हे कशावरून?"

माझ्या वर्गातल्या एका मुलाने या प्रश्नावर सगळी नाणी गोळा केली आणि पहिल्यापासून मांडायला घेतली. आधी पाचचं एकही नाणं न घेता: दोनची पाच, मग दोनचं एक नाणं काढून तिथे दोन सुटे, मग आणखी एक काढून आणखी दोन सुटे, असं करत सगळे सुटे होईपर्यंत. या झाल्या 6 तऱ्हा. मग पाचचं एक नाणं घेऊन उरलेल्या 5 रुपयांच्या 3. मग पाचची दोन घेऊन 1. एकूण 10. "आता सुटणारच नाही एकही," तो म्हणाला. क्रमाने मांडलं की काही निसटत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याचं त्याला सापडलं होतं, म्हणून पुढे इतर उदाहरणांतही तो तसंच करू लागला.

असंच 12 पुऱ्यांचं. कुणाला कमी-जास्त न होता किती ताटांत वाढता येतील? आणि 13 असतील तर? दुसरीतल्या मुलीला मूळ संख्या हे नाव कळायची गरज नाही. 13 हट्टी आहे एवढं कळलं तरी भरपूर.

थांबायला शिका, ताई, हे कळकळीने सांगते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंना 1970 च्या दशकात आढळलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात आणि आपल्या उत्तराची कारणंही देतात. घरी स्वयंपाक, डबा, होमवर्क या घाईत आपण तेवढंही थांबत नाही. आणि "कसं काढलंस?" हे उत्तर बरोबर असतानाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारलं तर मुलं प्रश्न ऐकताच खोडरबर हातात घेतात.

पाढे सोडू नका. सात आठे छप्पन्न चटकन आठवलं की डोकं विचार करायला मोकळं राहतं. शाळेच्या रीतीचं म्हणाल, तर मार्क त्या मांडणीला असतात, ती यायलाच हवी. फक्त क्रम असा ठेवा की आधी तिच्या पद्धतीने उत्तर काढू द्या आणि मग तेच उदाहरण वहीत शाळेच्या रीतीने मांडायला सांगा. दिवसाला एकच उदाहरण घ्या, आणि आठवड्यातून एकदा तिला तुमच्यासाठी उदाहरण तयार करायला सांगा. त्यात काही माहिती द्यायची राहिली तर स्वतः भरून घेऊ नका. "हे मला सुटत नाही, काय कमी आहे गं?" असं तिलाच विचारा.