स्ट्रीक तुटली म्हणून मुलगी रडते

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरावीत आहे. गावी जत्रेला गेलो तिथे रेंज नव्हती, तर स्नॅपचॅटची स्ट्रीक तुटेल म्हणून तिने पासवर्डच मैत्रिणीला देऊन टाकला आणि तरी एक तुटलीच तर रात्रभर रडली. फोन काढून घेऊ का?
– एक आई, सातारा

उत्तर : अहो, लगेच काढून घेऊ नका. आधी स्ट्रीक म्हणजे काय ते बघा, दोघींनी रोज चोवीस तासांच्या आत एकमेकींना स्नॅप, म्हणजे ॲपमधून काढलेला फोटो किंवा व्हिडिओ, पाठवायचा, असे सलग किती दिवस झाले तो आकडा म्हणजे स्ट्रीक, नुसता मेसेज चालत नाही, वेळ संपत आली की नावापुढे वाळूचं घड्याळ दिसतं, आणि ते बघूनच पोरं कासावीस होतात, मग छताचा नाहीतर पायाचा कसलातरी फोटो काढून दहाजणांना धाडून देतात. बोलणं काहीच नाही! मला यात मुलीपेक्षा ॲपची चूक जास्त वाटते, ते बनवलंच तसंय.

तुटलेली स्ट्रीक ॲपमध्ये रिस्टोर करता येते, हे तिला सांगा, रडणं निम्मं कमी होईल. पण पासवर्डचं मात्र मनावर घ्या. मैत्रिणीला तिचे चॅट दिसू शकतात, उद्या भांडण झालं तर काय? आजच मुलीकडून तो बदलून घ्या, टू-फॅक्टर चालू करा, म्हणजे लॉगिनला पासवर्डसोबत कोडही लागेल. आणि तिला शांतपणे विचारा, यातल्या कोणाशी खरंच बोलतेस? ज्यांच्याशी बोलत नाही त्यांच्या स्ट्रीक तिलाच सोडू दे, तुम्ही डिलीट करायला जाऊ नका.