कोलंबसाला कोणत्या मापाने मोजायचे?

प्रश्न : कोलंबसाचे पुतळे अमेरिकेत हटवले गेले. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे नाही का?

उत्तर : मग त्याला त्याच्याच काळाच्या मापाने मोजू. १४९५ च्या सुमारास कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावरील सोन्याच्या मुलखात चौदा वर्षांवरील प्रत्येक ताईनो माणसाने (ताईनो म्हणजे त्या बेटाचे मूळ रहिवासी), शिकारी ससाण्याच्या पायात बांधतात त्या इवल्याशा घुंगरात मावेल एवढे सोने दर तीन महिन्यांनी भरावे, असा कर त्याने बसवला. नदीच्या वाळूत तेवढे सोने नव्हतेच, त्यामुळे माणसे शेते टाकून डोंगरांत पळाली आणि अनेकांचा भुकेने जीव गेला. त्याच वर्षी गुलाम म्हणून स्पेनला धाडलेल्या सुमारे ५०० ताईनोंपैकी २०० च्या आसपास माणसे वाटेतच दगावली. पुढे देवीच्या साथीनेही या लोकांचा मोठा संहार केला, हे खरे. पण हा कर काही रोगाने लादला नव्हता.

कोलंबसाचे दर्यावर्दी म्हणून असलेले कर्तृत्व मला नाकारायचे नाही. मात्र ‘तेव्हा असेच चालायचे’ हे म्हणणे मला पटत नाही, कारण १५११ मध्ये याच बेटावरील सांतो दोमिंगो शहराच्या चर्चमध्ये अंतोनियो दे मोंतेसिनोस या स्पॅनिश धर्मोपदेशकानेच आपल्या देशबांधवांना तोंडावर विचारले होते, की ही माणसे नाहीत का?