आधी खुर्ची ओढून बस

शेवटच्या आजारातल्या पेशंटला धीर द्यायला जाशील, तेव्हा पहिल्याच भेटीत देवाचा विषय काढू नकोस. खुर्ची ओढ, पेशंटच्या नजरेला नजर भिडेल अशी बस. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारं केंद्र, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स सांगायच्या, वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि अध्यात्माचीही असते. म्हणून "माझ्याच वाट्याला हे का?" असं कुणी विचारलं की उत्तराची घाई नको. मी एकदा एका पेशंट बाईंना "होतं ते बऱ्यासाठीच" म्हणून बसलो. त्या बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. त्यापेक्षा विचार, "बळ कशातून मिळतं?" कुणी जप सांगेल, कुणी नातवाचा फोन. नास्तिकालाही विचार बरं का. आणि जपानं बरं वाटतंय म्हणून कुणी वेदना शमवणारं मॉर्फिन परस्पर बंद केलं, तर तडक नर्सला गाठ.