अलीकडे कोणती कॉमिक्स किंवा ग्राफिक कादंबऱ्या वाचल्या? कशा वाटल्या?

तुम्ही विचारलंय की अलीकडे यातलं काय वाचलं, आणि पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने कुठून सुरुवात करावी. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या चार वाचून झाल्या, पाचवी चालू आहे. त्यातल्या एकीबद्दल मला जास्त बोलायचंय, म्हणून आधी तीच.

'भीमायन'. नवायन प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेलं पुस्तक. मी इंग्रजी प्रत वाचली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा लेखनात स्वतःला आलेले अस्पृश्यतेचे अनुभव सांगितलेत, त्यावर ते उभं आहे. लिहिलंय श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याची.

माझं आजोळ कराड तालुक्यातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मसूर स्टेशनला उतरायचो, मामा बैलगाडी घेऊन आलेला असायचा. त्याच मसूरला १९०१ मध्ये लहानगा भीम उतरला होता, वडिलांना भेटायला. भावंडं बरोबर, अंगावर नवे कपडे, डोक्यावर नव्या टोप्या. न्यायला कोणी आलेलं नव्हतं, कारण येत असल्याचं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो. पोरांची जात कळते आणि तो मागे सरतो. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन एक तयार झाला, पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर खायला होतं, पण प्यायला पाणी कोणी देईना. सगळी रात्र तशीच गेली.

हा प्रसंग मला शाळेपासून माहीत होता. भाषणांत ऐकला होता, जयंतीच्या अंकांत वाचला होता. तरी या पुस्तकात तो पहिल्यांदा अंगावर आला, आणि तो कशामुळे आला हे माझ्या मुलीने दाखवलं. ती आठवीत आहे. माझ्या खांद्यावरून डोकावत होती. म्हणाली, "बाबा, या फुग्याला नांगी आहे."

पात्रांचं बोलणं ज्यात लिहितात तो फुगा. मी तोपर्यंत फुग्यांतला मजकूर वाचत होतो, फुगे बघतच नव्हतो. मग आम्ही दोघं पहिल्या पानापासून पुन्हा बसलो. साध्या, प्रेमळ बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे. ज्याच्या बोलण्यात जातीचं विष आहे त्याच्या फुग्याचं शेपूट म्हणजे विंचवाची नांगी. आणि जे मनातच राहिलं, त्या फुग्याला एक डोळा काढलाय. गंमत म्हणजे नांगीवाले लोक फारसे ओरडत नाहीत, शिवीगाळही करत नाहीत. नेहमीच्या आवाजात, रीत सांगावी तसं बोलतात. नुसता मजकूर वाचला तर एखादं वाक्य सभ्यसुद्धा वाटेल. नांगी दिसली की कळतं ऐकणाऱ्याला काय झालं असेल. हे चित्रानेच होतं. गद्यात लेखकाला 'तो विखारीपणे म्हणाला' असं लिहावं लागलं असतं, आणि ते लिहिताक्षणी सगळं ढिलं पडलं असतं.

दुसरं म्हणजे या पुस्तकात चौकटी नाहीत. आपण चिंटू बघत मोठे झालो, इंद्रजाल कॉमिक्स वाचली; एकामागून एक डबे, डावीकडून उजवीकडे, ही सवय डोळ्यांत पक्की बसलेली असते. व्यामांना आपली माणसं डब्यांत कोंबायची नव्हती. गोंड घरांच्या भिंतींवर काढतात त्या 'दिगना' नक्षीच्या वळणदार पट्ट्याच पानाचे भाग पाडतात. सुरुवातीची दहा-बारा पानं मला चाचपडायला झालं, नजर कुठून कुठे न्यायची कळेना. मग सवय होते. आगगाडी सापासारखी वळत जाते. दौलताबादचा किल्ला जनावरासारखा अंगावर येतो. महाडचं, २० मार्च १९२७ चं, चवदार तळ्याचं पान उघडलं तेव्हा मी बराच वेळ पुढे गेलोच नाही. सभेतले कर्णे झारीसारखे झालेत आणि त्यांतून शब्दांऐवजी पाण्याचे थेंब लोकांवर पडताहेत. ज्या माणसाला लहानपणी रात्रभर पाणी मिळालं नाही, त्याचं बोलणंच इथे पाणी झालंय.

एक गोष्ट नाही आवडली. आजच्या काळातली दोन माणसं बसथांब्यावर वाद घालतात, एकाला आरक्षणाचा राग आणि दुसरी त्याला बाबासाहेबांचं आयुष्य सांगते, अशी बाहेरची गोष्ट गुंफली आहे. तिचं प्रयोजन समजतं, पण ते संवाद पाठ करून आणल्यासारखे वाटतात. चित्रांनी जे आधीच सांगितलंय ते ती दोघं पुन्हा सांगतात.

आर्ट स्पीगलमनचं 'माउस' खूप जणांनी सुचवलं होतं. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या स्वतःच्या वडिलांची गोष्ट त्याने त्यात काढलीय. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं, पोलिश म्हणजे डुकरं. ऐकून मला ते बाळबोध वाटलं होतं, म्हणून वर्षानुवर्षं टाळलं. माझी चूक झाली. छळछावणीची पानं भयंकर आहेतच, पण मला हलवलं ते म्हाताऱ्या वडिलांनी. टेबलावर गोळ्या मोजत बसणारे, रस्त्यात पडलेली तार उचलून खिशात घालणारे, सुनेचा-बायकोचा जीव नकोसा करणारे व्लाडेक. मुलगा त्यांना थोर करत नाही. जे भोगलं त्याने माणूस चांगला होतोच असं नाही, हे इतक्या प्रेमाने सांगितलेलं मी क्वचित वाचलंय. १९९२ मध्ये याला विशेष पुलित्झर मिळालं. घाईत वाचू नका. नवरा-बायको लपायला जागा शोधत चाललेत ते चित्र सापडलं की त्यांच्या पुढच्या रस्त्यांचा आकार नीट बघा.

ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ चं, २०२२ मध्ये नव्याने छापलं म्हणून मला मिळालं. नर्मदेवरचं धरण आणि आदिवासींची सृष्टीच्या जन्माची गाणी, असे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. पत्रकाराचा भाग मला सपाट वाटला, गायकाचा भाग मात्र अप्रतिम. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं सरदार सरोवराखाली आली. त्यांतल्या मणिबेलीचं नाव लहानपणी बातम्यांत ऐकलेल्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला फार वाटतं.

मार्जान सत्रापी यांच्या 'पर्सेपोलिस'चा पहिला अर्धा, तेहरानमधल्या बालपणाचा, मला जास्त भावला. त्या मुलीचं युरोपात गेल्यानंतरचं आयुष्य तितकं पकडत नाही.

सुरुवातच करायची असेल तर 'भीमायन' घ्या, आणि शक्यतो कागदावरचं. मोबाइलवर चित्र मोठं करत वाचलं की अख्खं पान कधी एकदम दिसतच नाही.

सध्या 'बेअरफूट गेन'चा पहिला खंड हातात आहे. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमात बॉम्ब पडला, शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे ते वाचले. त्यांनी स्वतःचीच गोष्ट गेन नावाच्या पोराची म्हणून काढलीय. आत्ता मी अशा जागी आहे जिथे बाप पोरांना गव्हाच्या शेतात नेऊन सांगतोय की गहू तुडवला तरी ताठ उभा राहतो. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे रात्री दोन-चार पानांवर पुस्तक मिटावं लागतं. संपलं की याच उत्तरात भर घालेन.